वास छान येतो हो!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या आणि दुरुस्त्या संपादकांच्या, हे आधीच कबूल करून टाकतो. मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून मित्र मागे लागला तेव्हा मी विचारलं, "विषय काय?" तो म्हणाला, "पाऊस, मैत्री नाहीतर आई. काहीही चालेल." गेल्या अंकात या तीन विषयांवर मिळून अकरा कविता होत्या. म्हणून मी तंबाखूवर लिहितोय.

तंबाखूवर म्हणजे 'व्यसन : एक शाप' असला निबंध नाही. तो आपण सगळ्यांनी दहावीत लिहिलाय आणि त्यातले निम्मे निबंधकार आज संध्याकाळी टपरीवर उभे असतात. मला एका विशिष्ट तंबाखूबद्दल, त्याच्या वासाबद्दल आणि त्या वासामुळे आपल्या हॉस्टेलमध्ये जे झालं त्याबद्दल लिहायचं आहे. त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही, पण लिहायचं तर सगळंच लिहावं.

गॅदरिंगचं नाटक तुम्ही पाहिलंच असेल. त्यात नायिकेचा बाप रिटायर्ड मेजर. आमचे दिग्दर्शक (फायनल इयर मेकॅनिकल, चार विषय बॅक, पण नाटकाची जाण जबरदस्त) म्हणाले की मेजरच्या तोंडात पाईप पाहिजेच. आता हे आपण मराठी सिनेमात पाहतच आलोय. श्रीमंत बाप पाईप ओढतो, खलनायक सिगार ओढतो, आणि बिडी ओढतो तो घरगडी. पाईप आणायचा कुठून? तर आमच्याच विंगमधल्या एकाचे काका दुबईला असतात. ते दिवाळीत आले तेव्हा पाईप घेऊन आले आणि सोबत पन्नास ग्रॅमचं तंबाखूचं पाकीटही. पाकिटावर व्हॅनिला असं लिहिलेलं आणि खाली 'माइल्ड'.

ते पाकीट पहिल्यांदा उघडलं तेव्हा रूममध्ये सात जण होतो. खरं सांगतो, सातही जण गप्प झालो. बेकरीत मावा केकचा ट्रे बाहेर काढल्यावर येतो तसा वास. त्यात थोडं मनुकांचं, थोडं चॉकलेटचं. तंबाखू कसला, खाऊच तो! एकाने तर चिमूटभर तोंडात टाकून पाहिला आणि मग अर्धा तास चूळ भरत बसला.

तालमीत आधी रिकामा पाईप वापरला. पण रिकामा पाईप तोंडात धरला की आमचा मेजर पिपाणी वाजवणाऱ्या पोरासारखा दिसायचा. मग पेटवला. पाईप पेटवणं हे सबमिशन करण्याइतकंच अवघड काम आहे. नीट दाबून भरला नाही तर विझतो, जास्त दाबला तर धूरच येत नाही. पहिल्या दिवशी मेजरने संवाद कमी म्हटले आणि काड्या जास्त ओढल्या. पण हॉल काय घमघमला! शेवटच्या रांगेत बसून ड्रॉइंगच्या शीटा पूर्ण करणारी मुलंसुद्धा माना वर करून बघायला लागली. तेवढ्यात रेक्टर सर आले. साडेनऊ वाजले, हॉल बंद करा म्हणून सांगायला आले होते. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो, कारण मेजर बरोब्बर 'धूम्रपान निषिद्ध' बोर्डाच्या खाली उभा होता. सर दारात थांबले, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वास छान येतो हो! कुठला आहे?" मग दहा वाजेपर्यंत तालीम करायची परवानगी देऊन निघून गेले.

आम्ही हसलो. मी पण हसलो. आणि मग रात्री गादीवर पडल्यावर मला माझा अर्ज आठवला.

तो अर्ज मी दोनच आठवड्यांपूर्वी दिला होता. माझी रूम तळमजल्यावर, पोर्चला लागून. रात्री आपले वॉचमन मामा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि बिडी ओढायचे. त्याचा धूर माझ्या खिडकीतून आत यायचा. मी इंग्रजीत व्यवस्थित अर्ज लिहिला. पॅसिव्ह स्मोकिंग, नियम, आरोग्य वगैरे सगळं त्यात घातलं. कॉन्व्हेंटचं इंग्रजी, मुद्दे बिनतोड. आणि तो बंद पाकिटात घालून ऑफिसात द्यायला मी कुणाच्या हातात दिला असेल? मामांच्याच. "एवढं सरांच्या टेबलावर ठेवता का?" म्हणून. त्यांनी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी मामांची खुर्ची पोर्चमधून उठली आणि गेटवर गेली. गेटवर छप्पर नाही. डिसेंबर होता. आपल्याकडे बालाघाटावरून डिसेंबरात रात्री कसला वारा येतो ते ज्यांची खिडकी नीट लागत नाही त्यांना विचारा.

म्हणजे एकाच महिन्यात, एकाच इमारतीत, तंबाखू दोनदा पेटला. एकाची खुर्ची थंडीत गेली आणि दुसऱ्याला अर्धा तास वाढवून मिळाला. फरक काय होता? वास. आणि तो वास कुणाच्या हातातून येतोय हे. सरांना एकट्याला मी दोष देणार नाही. हॉलमध्ये बसून वास घेणारा मीच होतो आणि खिडकी आपटून लावणाराही मीच.

यानंतर मी एक उद्योग केला. प्रॅक्टिकलला करतो तसं, ज्यांनी ज्यांनी तो पाईप ओढून पाहिला त्यांना विचारत सुटलो की कसा वाटला. हे माझं ऑब्झर्व्हेशन टेबल समजा, फक्त रेघा मारलेल्या नाहीत.

पहिला अर्थातच आमचा मेजर. त्याने जवळजवळ महिनाभर तो ओढला. तो म्हणाला, "वास? मला कुठे येतो वास? तुम्हाला येतो. मला गरम वाफ येते आणि जीभ भाजते." पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं की वासासारखी चवही गोड लागेल. प्रत्यक्षात दोन झुरक्यांनंतर जिभेच्या शेंड्यावर मिरची ठेवल्यासारखं व्हायचं आणि पाईपच्या बुडाशी पाणी साठून गुडगुड आवाज यायचा. गॅदरिंगच्या दिवशी जेवताना त्याने वरण-भात खाल्ला, रस्सा बाजूला ठेवला. आम्हाला वाटलं टेन्शन आलंय.

दुसरा आमच्या विंगमधला जुना सिगारेटवाला. त्याने पाईप सिगारेटसारखा छातीत ओढला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला आणि म्हणाला, "छे, यात काही मजा नाही. अत्तर ओढल्यासारखं वाटतंय." तो परत आपल्या सिगारेटकडे गेला. केजकडचा एक मित्र आहे, त्याच्या घरी आजोबा चिलीम ओढायचे. त्याने जाणकारासारखा चेहरा करून दोन झुरके घेतले आणि सांगितलं की चिलमीला खालून ओली छापी गुंडाळतात म्हणून धूर जरा थंड होऊन येतो, हा साहेबांचा पाईप नुसताच भाजतो.

म्हणजे ज्यांना ओढणं ठाऊक होतं त्यांच्यापैकी एकालाही तो आवडला नाही. मग आवडला कुणाला? तिसरी नोंद इथेच येते, आणि खरं तर ही नोंद नसती तर मी हा लेखच लिहिला नसता. पहिल्या वर्षाचा एक मुलगा पडदा ओढायला होता. सुपारीचं खांडही न खाणारा. घरून येताना आईने देवाच्या फोटोवर हात ठेवायला लावून पाठवलेला. तो रोज तालमीला वेळेआधी यायचा, का तर त्याला तो वास आवडायचा. एक दिवस त्याने मला विचारलं, "दादा, एक झुरका घेऊन बघू का? फक्त वासासाठी. याला स्मोकिंग म्हणत नाहीत ना?" आणि मी, सगळं ज्ञान असलेला सिनिअर, त्याला म्हणालो, "अरे, माइल्ड आहे. पाईपमध्ये धूर आत घेतच नाहीत."

आता जरा इंजिनिअरसारखं बोलू, कारण या वासाचं मेकॅनिझम कळल्याशिवाय मला चैन पडेना. असा गोड तंबाखू शेतात उगवत नाही. पानांवर साखरेचा पाक किंवा तसलं काहीतरी चढवतात, वाफ देतात, दाबतात. इंग्रजीत या पद्धतीला कॅव्हेंडिश म्हणतात. बर्ली नावाच्या जातीचं पान स्पंजासारखं असतं, ते पाक चांगला पितं. नंतर वरून व्हॅनिला, चेरी किंवा व्हिस्कीचा स्वाद. पान सुकू नये म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात, ते ओलावा धरून ठेवतं. हा ओलावाच पेटल्यावर वाफ होऊन मेजरची जीभ पोळतो आणि पाईपच्या बुडाशी गुडगुडतो. स्वादाचं द्रव्य मात्र हलकं. ते उष्णतेने उडून पाईपच्या तोंडातून हवेत जातं, म्हणजे समोरच्या रांगेत. ओढणाऱ्याचं नाक तर दोन मिनिटांत त्या वासाला सरावतं, जसं आपल्याला आपल्याच रूममधल्या मोज्यांचा वास येत नाही. साखर जळाली की केक होत नाही, फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतात. केमिस्ट्रीच्या सरांना विचारा. आणि धूर छातीत घेतला नाही म्हणून निकोटीन मिळत नाही असंही नाही. पाईपचा आणि चिरुटाचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा बहुधा जास्त अल्कलाइन असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाईपवाल्यांनाही होतो, त्याला माइल्ड वगैरे काही कळत नाही.

'माइल्ड' या शब्दाची तर वेगळीच गंमत आहे. सिगारेट कंपन्यांनी लाइट आणि माइल्ड सिगारेटी काढल्या तेव्हा युक्ती काय होती? फिल्टरभोवती बारीक बारीक भोकं. मशीनमध्ये सिगारेट लावली की भोकांतून साधी हवा आत येते, धूर पातळ होतो आणि टारचा आकडा कमी दिसतो. पण माणूस म्हणजे मशीन नव्हे. त्याची बोटं आणि ओठ नेमके त्या भोकांवर येतात, आणि पुरेसं निकोटीन मिळालं नाही की तो जास्त जोरात आणि जास्त वेळा ओढतो. म्हणजे टेस्टिंगच्या वेळी एक रीडिंग आणि वापरताना दुसरं. आपण लॅबमध्ये असं केलं तर जर्नल फेकून मारतील. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने २००६ साली निकाल दिला की कंपन्यांनी या शब्दांनी लोकांना फसवलं, आणि २०१० पासून तिथे पाकिटावर लाइट, माइल्ड लिहायला बंदी आली. आपल्याकडेही पाकिटावर असे शब्द चालत नाहीत. आमच्या पाकिटावर होता. आणि नसता तरी काय, मी होतोच की तोंडाने सांगायला.

चौथे मामा. त्यांच्याकडे जायला मला आठ दिवस लागले. शेवटी तालीम संपल्यावर एका रात्री पाईप आणि पाकीट घेऊन गेटवर गेलो. त्यांनी शेकोटी केली होती. अर्ज कुणाचा होता हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. पाकीट पुढे केलं. त्यांनी ते शेकोटीच्या उजेडात धरलं, वास घेतला, बोटांत थोडा तंबाखू चोळला आणि म्हणाले, "ह्येच्यात काकवी हाय."

मी म्हणालो, "मामा, व्हॅनिला आहे."

"ते वरून. आत काकवी हाय. आमचा आज्जा गुडगुडी वढायचा, तवा असाच गुडाखू करीत. तंबाखू कुटायचा, काकवी घालायची, मुरू द्यायचा. लई वास सुटायचा. पोरं सोरं भवती बसायची."

मामांनी बावीस वर्षं ऊसतोड केली. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, कधी कर्नाटकात. पाठ गेली तेव्हा कोयता सुटला आणि वॉचमन झाले. काकवीचा वास त्यांना कळणार नाही तर कुणाला? त्यांनी पाईप घेतला, दोन झुरके मारले, तोंड वाकडं केलं आणि परत दिला. "ह्यो तंबाखू वढणाऱ्याचा न्हाई, बगणाऱ्याचा हाय," असं म्हणून त्यांनी बिडी पेटवली. फडात पहाटे तीनला उठून मोळ्या वाहायच्या, तेव्हा झोप मोडायला बिडी लागली ती लागलीच, असं सांगत होते. मी तो धूर तोंडावर घेत बसलो. खिडकी आपटायला तिथे नव्हतीच.

बिडीची मी बाजू घेतोय असं कुणी समजू नये. टेंभुर्णीचं पान कागदासारखं हवा जाऊ देत नाही, सारखी ओढली नाही तर बिडी विझते, म्हणून माणूस जास्त झुरके घेतो. आत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असूनही टार आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त मिळतं. मामांचा खोकला मला रात्री अभ्यास करताना ऐकू यायचा. आता गेटवरून येत नाही, एवढाच माझ्या अर्जाचा फायदा. पण बिडी एक गोष्ट करत नाही. ती कुणाला बोलावत नाही. तिचा वास घेऊन एकही फर्स्ट इयरचा मुलगा पोर्चमध्ये येऊन म्हणाला नाही की मामा, फक्त वासासाठी एक झुरका द्या.

गुडाखू हा शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. नंतर लायब्ररीत शोधाशोध केली तेव्हा कळलं की ही गोड, सौम्य तंबाखूची भानगड दुबईहून आली असं समजणारा मी किती बावळट आहे. तंबाखू पोर्तुगीजांनी आणला आणि दख्खनने तो मनापासून स्वीकारला. अकबराचा असद बेग नावाचा माणूस १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला होता, तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि रत्नजडित नळीसकट आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन झुरके घेतले, हकिमाने अडवलं. मुद्दा असा की आधी नळी बघितली गेली, तंबाखू नंतर. म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या आधी चारशे वर्षं हेच नाटक झालं होतं. जहांगीरने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. ती किती टिकली ते आपण टपरीवर बघतोच. पुढे सरदार-जहागीरदारांच्या हुक्क्यात गूळ, काकवी आणि सुगंध घातलेला तंबाखू आणि गड्याच्या हातात साधी चिलीम, अशी विभागणी झाली. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे हे सगळं काही फार लांबचं नाही.

मला वाटायचं पाईप म्हणजे शेरलॉक होम्स. शाळेत लायब्ररीच्या पिरियडला मी त्या गोष्टींची पारायणं केलीत. तर होम्स काय ओढायचा? शॅग. जाडाभरडा, कडक, वासाने खोली भरून टाकणारा तंबाखू, आणि तोही तो पर्शियन सपातेच्या टोकात ठेवायचा. म्हणजे होम्स आपल्या हॉस्टेलला राहिला असता तर त्याचं नातं आमच्या मेजरपेक्षा मामांशी जास्त जुळलं असतं, आणि त्याच्याविरुद्ध मी अर्ज दिला असता. तो प्रसिद्ध वाकडा पाईपसुद्धा रंगमंचावरच्या नटामुळे रूढ झाला असं म्हणतात. म्हणजे तोही प्रॉपर्टीतलाच!

आता तुम्ही म्हणाल, एका पाकिटावरून एवढं कशाला? महाराष्ट्रात पाईप ओढतो कोण? बरोबर आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातले २६ टक्क्यांहून जास्त प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात धूर काढणारे चार टक्केसुद्धा नव्हते. बाकी सगळं तोंडात. मावा, गुटखा, जर्दा, मिश्री. पण तिथेही दार तेच आहे. आपल्यापैकी कितीजणांची सुरुवात शाळेबाहेरच्या गोड सुपारीच्या पुडीने झाली ते स्वतःच्या मनाशी आठवा. राज्यात २०१२ साली गुटख्यावर आणि पुढच्याच वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवर बंदी आली. सरकारला वासाचं काम कळलं, म्हणून तर 'सुगंधित' हा शब्द आदेशात आला. पुड्या मिळायच्या थांबल्या का, हा वेगळा लेख होईल. हुक्का पार्लर २०१८ ला बंद झाली, त्यात पान-रसना, डबल अ‍ॅपल असले फ्लेवर होते. ई-सिगारेटवर २०१९ ला देशभर बंदी आली, तिच्यातही आंबा आणि पुदिनाच. जो तंबाखूला आधीच सरावला आहे त्याला आंबा कशाला हवा? मामांना नको होता. विंगमधल्या सिगारेटवाल्याला नको होता. (स्टाफरूममध्ये ड्रॉवरमध्ये काय असतं यावर मी काही लिहीत नाही. मला टर्मवर्कचे मार्क हवेत.)

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या हॉस्टेलमध्ये तंबाखूचा नियम नाकावर चालतो. घाण वास आला की नियम आठवतो, छान वास आला की ब्रँड विचारतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाचा कायदा २००३ चा, त्याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत, दंड दोनशे रुपयांपर्यंत. त्यात बिडी, सिगारेट, पाईप असा भेद नाही आणि 'नाटकातला मेजर वगळून' असंही कुठे लिहिलेलं नाही. उलट मला तर वाटतं, दोन्हींत आधी कशावर डोळे वटारायचे असतील तर त्या छान वासावर. बिडीचा धूर माझ्या खिडकीत आला तेव्हा मी खिडकी लावली. केकचा वास आला तेव्हा आम्ही चाळीस जणांनी आपणहून दारं उघडी ठेवली.

गॅदरिंग झालं. नाटकाला दुसरा नंबर मिळाला, मेजरला उत्कृष्ट अभिनयाचं सर्टिफिकेट. पाईप आमच्या विंगच्या कपाटात ढालीशेजारी ठेवलाय. पाकीट मात्र गॅदरिंगनंतर तीन आठवड्यांत रिकामं झालं, आणि ते संपवणाऱ्यांत जुना ओढणारा एकही नव्हता. पडदा ओढणारा तो मुलगा आणि त्याचा रूममेट, असे दोघं. फेब्रुवारीत मी त्याला टपरीवर पाहिलं. सुटी सिगारेट घेतली होती, फिल्टरमध्ये गोळी असते ती. दाताने फोडली की पुदिन्याचा वास सुटतो. मला बघून त्याने ती लपवली नाही. म्हणाला, "दादा, हिचा वास येत नाही फारसा. रूममध्ये कुणाला कळत नाही."

मी त्याला समजवायला गेलो. कॅव्हेंडिश, बर्ली, भोकं, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण माइल्ड आहे असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

दुसरा अर्ज मी मराठीत लिहिला. मामांची खुर्ची पोर्चमध्ये परत आणावी, त्यांनी बिडी ओढायची झाल्यास गेटबाहेर जावं आणि हाच नियम हॉलमधल्या बोर्डाखाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला लागू असावा, एवढाच मजकूर. या वेळी पाकीट बंद केलं नाही, आणि मामांच्या हातात देण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खुर्ची आली तर बरं व्हईल." अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून व्यसन सोडण्यासाठी एक फुकट नंबर छापतात, १८००-११-२३५६. आमच्या दुबईच्या पाकिटावर तो नव्हता आणि सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. काल रात्री मी आणि तो मुलगा गच्चीवर जाऊन त्यावर फोन लावत होतो. तिकडे उचलला तेव्हा त्याने फोन माझ्याकडे दिला, मी परत त्याच्याकडे दिला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कोणाला सोडायची आहे?" तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मला." मग पाठ फिरवून पाण्याच्या टाकीपलीकडे जाऊन बराच वेळ बोलत होता.